टाकी नव्यासारखी, मग स्लीव्हच का खाल्ली जाते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांचं सूत रंगवायचं युनिट आता तुम्ही बघता. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या सुताचं काम. टाकी, पाइप, व्हॉल्व्ह, पंपाची स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली नळी), सगळं ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं. टाकी आठ वर्षं झाली तरी आतून चकचकीत आहे, पण मेन पंपाची स्लीव्ह दर चार-पाच महिन्यांनी ग्लँडखाली, म्हणजे गळती अडवायला शाफ्टभोवती डोरी आवळून बसवतात तिथे, खाचा आणि खड्डे पडून बाद होते. लेथवाला म्हणतो मटेरियल डुप्लिकेट आहे. लॅबचा रिपोर्ट म्हणतो ३१६ च आहे. खोटं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारलंय.

खोटं कुणीच बोलत नाही. रिपोर्ट बरोबर आहे, आणि लेथवाल्याने जे डोळ्यांनी पाहिलं तेही बरोबर आहे. ज्या स्टीलची टाकी आठ वर्षं टिकते, त्याच स्टीलची स्लीव्ह पाच महिन्यांत जाऊ शकते. फरक स्टीलमध्ये नाही. टाकीला कुणी घासत नाही आणि स्लीव्ह दिवसभर घासली जाते, फरक तिथे आहे. तीस वर्षं सोलापुरातली डाय हाऊस, म्हणजे रंगाईचे कारखाने, आणि जिल्ह्यातले साखर कारखाने यांच्या मेंटेनन्समध्ये घालवल्यावर माझी सवय अशी झालीय की कुठेही स्टेनलेस खराब झालं की ग्रेड कोणती हे मी दुसऱ्या नंबरला विचारतो. पहिला प्रश्न, ‘इथे काय कशावर घासतंय?’

स्टेनलेस स्टील गंजत नाही याचं श्रेय आपण सगळ्या धातूला देतो, पण काम करते ती त्याच्यावरची एक अदृश्य कातडी. लोखंडात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक थर आपोआप धरतो. त्याची जाडी दोन-तीन नॅनोमीटर. आपलं नख साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं, म्हणजे पाच लाख नॅनोमीटर. त्यावरून अंदाज करा की तुमची सगळी टाकी कशाच्या भरवशावर उभी आहे. तो थर गेला तर आतलं ३१६ मिठाच्या पाण्यापुढे फार काळ टिकणारं नाही. त्याची खरी ताकद ही की तो ओरखडला तरी लगेच परत धरतो. पहिला पापुद्रा काही मिलिसेकंदांत येतो. पूर्ण जाडीचा, मुरलेला थर व्हायला मात्र काही तास, कधी दिवसभर लागतो. त्याला दोन गोष्टी हव्यात, ऑक्सिजन आणि थोडी उसंत.

म्हणून टाकीवर स्पॅनर पडून ओरखडा गेला तर घाबरू नका. स्वच्छ ओरखडा हवेत किंवा साध्या पाण्यात स्वतःच भरतो. पुष्कळ लोक याला घाबरतात आणि रोजच्या घासण्याकडे दुर्लक्ष करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण नुकसान त्या दुसऱ्या जागी चाललेलं असतं.

आता तुमच्या स्लीव्हचा हिशेब मांडू. मोटर १४४० आरपीएमची धरली, तर शाफ्ट सेकंदाला बरोबर २४ फेरे घेतो. ग्लँड डोरीत रेतीचा एक कण रुतून बसला असेल, तर त्याच्या रेषेत येणारा स्लीव्हवरचा प्रत्येक बिंदू त्या कणाखालून सेकंदाला २४ वेळा जातो. म्हणजे दोन घासण्यांमध्ये थराला उसंत मिळते सुमारे ४२ मिलिसेकंद. तेवढ्यात पहिला पापुद्रा धरतो, पण तो मुरायच्या आत पुन्हा खरवडला जातो. पंप दिवसाला २० तास चालत असेल तर हे १७ लाखांहून जास्त वेळा होतं. समजा यातल्या हजार घासण्यांपैकी एकच थर पार उडवते आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा धरताना फक्त एक नॅनोमीटर धातू खर्ची पडतो. तरी दिवसाला १.७ मायक्रॉन, आणि तीनशे दिवसांत अर्धा मिलिमीटर. हजारात एक हे मी समजुतीसाठी धरलंय, मोजलेलं नाही. पण इतकी मवाळ अट धरूनही आकडा एवढा येतो. शिवाय यात नुसत्या यांत्रिक झिजेने, म्हणजे कणाने कोरून काढलेला धातू धरलेलाच नाही. तो वेगळा.

झीज आणि गंज एकत्र आले की नुकसानीची साधी बेरीज होत नाही, ते त्याहून जास्त होतं. झीज संरक्षक थर काढते म्हणून गंज वाढतो. गंजाने पृष्ठभाग खडबडीत होतो म्हणून झीज वाढते. खड्ड्याच्या कडा ग्लँड डोरीला फाडतात, फाटलेल्या डोरीत आणखी कण अडकतात, आणि चक्र फिरत राहतं. तुम्ही लिहिलंय की पहिले दोन महिने काहीच होत नाही आणि मग ‘एकदम’ गळती सुरू होते. ते एकदम नाही, चक्राने वेग घेतलेला असतो.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये साधारण १२.८ टक्के क्रोमियमचं स्टील ओतलं, तेव्हा तो न गंजणाऱ्या भांड्यांच्या मागे नव्हता. बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात, त्यावर उपाय शोधायचं काम त्याच्याकडे होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी नमुन्यांवर ॲसिड लावलं तर ते लवकर खाल्लेच जाईनात, यावरून त्याच्या लक्षात आलं की हाताशी काही वेगळंच लागलंय. पुढे त्या स्टीलच्या सुऱ्या झाल्या. या स्टीलचा जन्म झिजेच्या प्रश्नातून झाला, तरीही झीज हीच त्याची दुखरी जागा राहिली.

आता मिठाकडे येतो, कारण तुमच्या पंपात घासणं आणि मीठ दोन्ही आहे. रिॲक्टिव्ह रंगात गडद शेडला लिटरला ६० ग्रॅम मीठ ही नेहमीची गोष्ट. साध्या मिठाच्या ६० ग्रॅममध्ये क्लोराइड ३६ ग्रॅमच्या आसपास असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम. म्हणजे सोलापुरात बसून तुमचा पंप समुद्राच्या जवळजवळ दुप्पट क्लोराइड फिरवतो, आणि तेही ६० अंशांवर. साचलेल्या समुद्राच्या पाण्यात ३१६ वर भरवसा ठेवू नये हे जहाजवाल्यांना केव्हाच ठाऊक आहे. क्लोराइड दोन प्रकारे घात करतं. थरातल्या कमजोर जागा हेरून तिथे आत घुसतं, आणि जिथे थर उडालाय तिथे तो परत धरू देत नाही.

मग टाकी कशी वाचली? टाकीचा थर मुरलेला असतो, पाणी सतत फिरतं, ऑक्सिजन मिळतो, सोडा टाकल्यावर बाथ, म्हणजे टाकीतलं रंगाचं पाणी, अल्कलाइन होतो आणि अल्कलाइन पाण्यात क्लोराइडचा जोर उतरतो. रंग झाल्यावर दोन-तीन धुण्यांत मीठ निघून जातं. मीठ पडलंय पण सोडा अजून पडायचाय, तो अर्धा-पाऊण तास सगळ्यात धोक्याचा. टाकी तो निभावून नेते. स्लीव्हचा ग्लँडखालचा भाग नाही नेऊ शकत, कारण तिथे धुण्याचं पाणी नीट पोचत नाही. पाचही डोऱ्या आवळून बसलेल्या, त्यांच्यामध्ये अडकलेलं खारं पाणी तिथेच राहतं.

आणि तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग तुम्ही जाता जाता लिहिलाय, ‘सुट्टीनंतर पंप चालू केला की गळती जास्त असते.’ अर्धं उत्तर तिथेच आहे. पंप चालताना झीज होते, पण खोल खड्डे पडतात ते पंप बंद असताना. चालू पंपाने थर खरवडून जागा उघडी केलेली असते. पंप थांबतो, डोरीखालच्या चिंचोळ्या फटीत खारं पाणी कोंडतं. तिथला ऑक्सिजन थोड्या वेळात संपतो. बाहेरची सगळी टाकी, केसिंग, पाइप यांच्यावर थर शाबूत असतो आणि फटीतली बोटभर जागा उघडी असते. मग बाहेरचा एवढा मोठा भाग आणि आतली एवढीशी जागा यांच्यात बॅटरी तयार होते, आणि तिचा सगळा मारा त्या एवढ्याशा जागेवर येतो. धातू विरघळला की फटीतलं पाणी आंबट होत जातं, क्लोराइड आणखी आत ओढलं जातं. बाहेर बाथ अल्कलाइन असताना आत ॲसिड, हे मी स्वतः पीएच पेपरने पाहिलंय. डोरी काढल्या काढल्या तिच्या आतल्या बाजूला कागद लावला तर तो लालसर झाला.

तुमच्याकडे ग्लँड डोरी कोणती वापरता ते लिहिलेलं नाही. काळी, हाताला काळं लागणारी असेल तर ती ग्रॅफाइटची. ग्रॅफाइट घर्षणाला उत्तम, उष्णता चांगली बाहेर नेतं, म्हणून विकणारा मनापासून तीच सुचवतो. पण खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि स्टेनलेस एकमेकांना चिकटून थांबले की ग्रॅफाइट बाजूला राहतं आणि स्टेनलेस खाल्लं जातं. हा जुना, माहीत असलेला प्रकार आहे, म्हणून तर काही कंपन्या ग्रॅफाइट पॅकिंगमध्ये मुद्दाम जस्त घालतात, की आधी ते जावं. मिठाच्या पंपाला पांढरी पीटीएफईची (टेफ्लॉनची) डोरी घ्या. ती उष्णता कमी वाहून नेते, म्हणून ग्लँड फार आवळायचा नाही आणि थेंब पडू द्यायचे. मिनिटाला ४० ते ६० थेंब पडणं ही गळती नाही, ते ग्लँडचं पाणी पिणं आहे. आपल्याकडे मालक फेरीला आले की ऑपरेटर ग्लँड कोरडा ठणठणीत दिसावा म्हणून आणखी अर्धा आटा आवळतो. मालकांनीच त्याला सांगितलं पाहिजे की थेंब बघून मी रागावणार नाही.

पुढची स्लीव्ह काढाल तेव्हा ती लगेच धुऊ-पुसू नका. उन्हात धरून हळूहळू फिरवा. गोल बांगडीसारख्या सलग खाचा, चारी बाजूंनी सारख्या, तळाशी चकाकणाऱ्या, अशा असतील तर ते कणांचं काम. टाचणीच्या डोक्याएवढे काळपट खड्डे, कडा धारदार, टाचणी घातली तर वरच्या तोंडापेक्षा आत जास्त पोकळ लागणारे, असतील तर तो क्लोराइडचा गंज. खड्डे एकाच अंगाला जास्त असतील तर शाफ्ट थांबलेला असतानाच ते झाले असं धरायला हरकत नाही. दोन डोऱ्यांच्या सांध्यांच्या जागी ओळीने असतील तर फटीतल्या पाण्याचा दोष. तुमच्या वर्णनावरून मला दोन्ही एकत्र दिसतायत, आधी खाचा आणि मग त्या खाचांच्या तळाशी खड्डे. नखाने खाच आडवी ओलांडून बघा. नख अडकलं तर स्लीव्ह बदलायचीच, त्यावर नवी डोरी घालण्यात पैसे वाया जातात.

कण येतात कुठून? ३१६ ची कडकपणाची पातळी विकर्सच्या मापात दोनशेच्या आत, आणि वाळूतल्या गारेची हजाराच्या पुढे. त्यामुळे रेती जिंकणारच. तुमच्या बोअरच्या पाण्यात थोडी रेती येते, जड पाण्यातला चुना पाइपात धरून खपल्या सुटतात, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे खडे मीठ. मीठ स्वतः मऊ असतं, पण स्वस्त खड्या मिठाच्या पोत्याच्या तळाशी माती-रेती असते. मीठ थेट टाकीत ओतण्याऐवजी वेगळ्या पिंपात विरघळवा, तासभर निवळू द्या, वरचं पाणी गाळून घ्या. शेवटी पिंपाच्या तळाशी जे उरतं ते बोटांमध्ये चोळून बघा. एकदा बघितलंत की पुन्हा पोतं थेट ओतायचं धाडस होणार नाही. परवडत असेल तर साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट वापरा. त्यात सल्फेट असतं, क्लोराइड नसतं, आणि सल्फेट स्टेनलेसच्या बाजूने उभं राहतं. पोत्यावरचं नाव पुरेसं नाही, स्वस्त मालात मिठाची भेसळ सापडते, म्हणून क्लोराइड तपासून घ्या.

आता सगळेच विचारतात तो प्रश्न, स्लीव्ह कडक करून घेऊ का? इथे मी माझी चूक सांगतो, कारण ती महागात पडली होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका डाय हाऊसच्या अशाच स्लीव्ह मी नायट्रायडिंगला, म्हणजे तापवून पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक करायला, पाठवल्या. परत आल्या तेव्हा फाइल घसरत होती, इतक्या कडक. मला फार आनंद झाला. तीन आठवड्यांत त्या तपकिरी पडल्या आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटायला लागला. झालं असं की पाचशे अंशांच्या वर नायट्रोजन आत गेला की तो क्रोमियमलाच धरून बसतो. थर बनवायला मोकळं क्रोमियम उरत नाही. कडकपणा मिळाला, स्टेनलेसपणा गेला. साधारण साडेचारशे अंशांच्या खाली करायच्या खास पद्धतींमध्ये हे टळतं, पण तसं काम करणारा शोधून, त्याच्याकडून लेखी घेऊनच द्या. त्या मालकांनी मला एक शब्द बोलला नाही, पण त्या वर्षीची त्यांची वाया गेलेली लॉट मला अजून आठवते.

कडकपणाच्या नादात ४१० किंवा ४२० या स्टेनलेसच्या ग्रेडकडेही वळू नका. ती कडक होतात, पण क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास आणि खड्ड्यांना अडवणारं मॉलिब्डेनम नाही, तुमच्या मिठात ती उभी राहणार नाहीत. हार्ड क्रोमच्या प्लेटिंगमध्ये केसासारख्या बारीक भेगा असतात, त्यातून खारं पाणी खाली जातं आणि प्लेटिंग उचलतं. सिरॅमिकचा लेप घासण्याला फार चांगला, मात्र तो सच्छिद्र असतो, म्हणून खाली पकड धरणारा बाँड कोट आणि वर छिद्रं बुजवणारा सीलर नसेल तर खालून गंज चालूच.

मला विचाराल तर २२०५ ड्युप्लेक्स या स्टेनलेसची स्लीव्ह करून घ्या. खड्ड्यांना किती दाद देतं याचा एक हिशेब आहे. क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनम गुणिले ३.३, अधिक नायट्रोजन गुणिले १६. नेहमीच्या ३०४ स्टेनलेसचा आकडा १९ च्या आसपास येतो, ३१६ चा २४, २२०५ चा ३५. वर ते ३१६ पेक्षा कडकही आहे. आणि कंदील रिंग (डोऱ्यांच्या मधे पाणी सोडायची भोकांची कडी) असलेल्या ग्लँडला बाहेरून गोड पाण्याची नळी द्या, आतल्या दाबापेक्षा अर्धा ते एक बार जास्त दाबाने. मग ग्लँडमध्ये बाथचं खारं पाणी येतच नाही, स्वच्छ पाणी आत जातं आणि थोडं बाहेर ठिबकतं. एवढ्या एका नळीने माझ्या पाहण्यात स्लीव्हचं आयुष्य दुपटीच्या वर गेलंय, स्टील न बदलता. डोरीऐवजी मेकॅनिकल सील बसवणार असाल तर सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्यांचं घ्या, पण त्याच्या मागच्या रिंगखाली शाफ्टवर लक्ष ठेवा. तिथे केसाएवढी पुढे-मागे हालचाल होत राहते आणि तेवढ्याने थर उडून बारीक वर्तुळ कोरलं जातं.

झीज आणि गंज यांचं नातं उलट बाजूनेही बघा, म्हणजे ते पक्कं डोक्यात बसेल. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला एका साखर कारखान्यात ओल्या बगॅसचे, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चिपाडाचे, शूट (ते खाली सोडायच्या पन्हळी) मी बरीच वर्षं सांभाळले. एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, आठ मिलिमीटरचा पत्रा तीन-चार हंगामांत जाळी व्हायचा. सगळे म्हणायचे उसातली माती घासते, आणखी कडक प्लेट टाका. पण नीट बघितलं तर हंगाम मार्चमध्ये संपल्यावर शूटमध्ये रसाने ओला बगॅस चिकटून राहायचा, पावसाळाभर पत्र्यावर जाड गंज चढायचा, आणि नव्या हंगामाच्या पहिल्या दोन दिवसांत बगॅस तो सगळा खरवडून घेऊन जायचा. हंगामातही दर बंदच्या वेळी हेच, फक्त लहान प्रमाणात. नंतर तिथे १२ टक्के क्रोमियमचा पत्रा बसवला. कडकपणाने तो एमएसपेक्षा काही फार वेगळा नव्हता. पण बंदच्या काळात त्याच्यावर गंज चढेना, त्यामुळे बगॅसला खरवडायला काही मिळेना. तो गुळगुळीत घासला गेला आणि आरशासारखा झाला, बगॅसही सरसर घसरायला लागला. जी झीज आम्ही वर्षानुवर्षं मातीच्या नावावर टाकत होतो, तिच्यातला मोठा वाटा गंजाचा होता. तोच पत्रा तुमच्या मिठात चालणार नाही, हेही लक्षात ठेवा. रसात एवढं मीठ नसतं.

आता तुम्ही न विचारलेली, पण टॉवेलवाल्यांसाठी स्लीव्हपेक्षा जास्त महत्त्वाची एक गोष्ट. तुमचे कोन (सुताच्या गुंडाळ्या) लावायचे कॅरिअर, म्हणजे सांगाडे, होइस्टने उचलून फरशीवर ठेवले जातात, ढकलले जातात. त्यांच्या बुडाला साध्या लोखंडाच्या रुळाचा, साखळीचा, हुकाचा घासा लागतो. त्या घास्यात स्टेनलेस झिजतं ते सोडाच, साध्या लोखंडाचे बारीक कण स्टेनलेसमध्ये रुततात. दुसऱ्या दिवशी तिथे तांबडा डाग दिसतो आणि आपण म्हणतो स्टेनलेस गंजलं. वेल्डरने एमएसवर वापरलेलं चाक स्टेनलेसवर फिरवलं, किंवा साध्या तारेच्या ब्रशने वेल्ड साफ केलं, तरी तेच होतं. हा डाग नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. पेरॉक्साइडने ब्लीच करताना लोखंडाचा कण सुतावर बसला तर त्या जागी पेरॉक्साइड भसकन फुटतं आणि सूत तिथेच कुजतं. टॉवेल धुतल्यावर टाचणीएवढी भोकं पडतात. दोष विणकराच्या किंवा सुताच्या माथी येतो, मूळ मात्र कॅरिअरच्या बुडाला असतं.

तपासायची सोपी रीत आहे. पाव लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड जपून सोडा. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. त्यात ४ ग्रॅम मोरचूद विरघळवा. संशयाच्या जागा आधी तेल-डाग काढून स्वच्छ करा, मग कापसाने हे पाणी लावून सहा मिनिटं ओलं ठेवा. जिथे साधं लोखंड रुतलंय तिथे तांब्याचा गुलाबी थर चढतो, बाकी स्टेनलेस आहे तसं राहतं. नंतर भरपूर पाण्याने धुवा. ही तपासणी ३०४-३१६ साठी, ४१० सारख्या स्टीलवर ती फसवते, आणि खाण्याच्या भांड्यांवर करू नका. पहिल्यांदा हे करताना तुमच्या फिटरला शेजारी उभं करा. बुडाच्या कडेला गुलाबी रेघ उमटताना त्याने स्वतः पाहिली की पुढे चाकं वेगळी ठेवा हे त्याला सांगावं लागत नाही.

रुतलेलं लोखंड काढायला सायट्रिक ॲसिडचं पॅसिव्हेशन, म्हणजे ॲसिडने ते विरघळवून थर पुन्हा धरू देणं, पुरतं. वेल्डच्या निळ्या-तपकिरी पट्ट्याला मात्र पिकलिंग पेस्ट लागते, कारण त्या पट्ट्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं. त्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं. ते त्वचेतून आत जातं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आतून हाडापर्यंत इजा करतं. हातमोजे, चष्मा, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसेल तर पेस्टचा डबा उघडायला कुणाला सांगू नका. मी हे हात जोडून सांगतोय. आपल्याकडे पोरं उघड्या हाताने ती लावताना मी पाहिली आहेत.

लेथवाल्याच्या चुंबकाबद्दल शेवटी. त्याने घासलेल्या जागी चुंबक लावून दाखवलं, थोडं चिकटलं, म्हणून तो डुप्लिकेट म्हणतोय ना? ३०४ सारखं स्टील जोरात घासलं, ठोकलं, वाकवलं की पृष्ठभागाजवळ त्याची रचना बदलते आणि ते थोडं चुंबकाला धरायला लागतं. ३१६ मध्ये हे कमी होतं, पण होतं. त्यामुळे चुंबकावरून ग्रेड ठरवू नये. तुमच्याकडे लॅबचा रिपोर्ट आहेच. तरी त्याचं समाधान करायचं असेल तर मॉलिब्डेनम तपासायचं थेंबाचं किट मिळतं, ते त्याच्यासमोर स्लीव्हच्या न घासलेल्या टोकाला लावा. त्याच्याशी वाद घालू नका, खाच त्यानेच पहिल्यांदा दाखवली होती.

यापुढे सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटची लॉट संपली की पंप दहा मिनिटं गोड्या पाण्यावर फिरवायचा, ग्लँडची नळी चालू ठेवून, आणि मग केसिंग रिकामं करायचं. सुट्टी दोन दिवसांच्या पुढे असेल तर ग्लँड सैल करून डोरीतलं पाणी निथळू द्या, आणि मधे एकदा शाफ्ट हाताने पाव फेरा फिरवून ठेवा. नवी स्लीव्ह बसवाल तेव्हा तारीख, स्टील आणि डोरीचा प्रकार पंपाच्या फाउंडेशनवर पेंटने लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी पाण्याची नळी, मग डोरी, मग स्टील. नाहीतर सहा महिन्यांनी फरक कशाने पडला ते तुम्हालाही कळणार नाही, आणि तुम्ही मला विचाराल तेव्हा मलाही सांगता येणार नाही.